बर्फाला कान लावलेली बाई

"इंब्राआजोबा, त्या माग्दानं नेमकी किती ढोसली होती हो?"

हा प्रश्न माझा नव्हे. तो दुन्या आणि रेबेका या माझ्या दोन मैत्रिणींचा. कोप्रिव्नित्सा शहरातून शाळा सुटल्यावर जी बस येते, तिच्या मागच्या सीटवर बसून दोघींनी तो तयार केला आणि मग माझ्याकडे बघून अशा काही हसल्या, की मला लगेच कळलं, हे आता माझ्याच गळ्यात पडणार.

"टेना विचारेल," दुन्या म्हणाली.

"कोण, टेना?" रेबेकानं नाक उडवलं. "ती दारात जाईल, 'आजोबा, आईनं अंडी पाठवलीत' म्हणेल आणि पिशवी ठेवून धूम पळत येईल."

"लाव पैज," मी म्हटलं.

"लावली. रविवारचे माझ्या वाटणीचे सगळे क्राफ्न तुझे. जर्दाळूचा मुरंबा भरलेले, गरम तळलेले. पण शब्दन् शब्द असाच विचारायचा. 'ढोसली' म्हणायचं. 'प्यायली' नाही."

मागच्या वर्षीपर्यंत रेबेकाचं म्हणणं खरं ठरलं असतं. फळ्यासमोर उभं राहिलं की माझ्या घशात बोळा बसायचा आणि कान लाल व्हायचे. मग ऑक्टोबरात एक दिवस मी मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाईंची नक्कल केली. सगळा वर्ग मुरकुंडी वळेपर्यंत हसला आणि मागं वळून बघते तर बाई दारात उभ्या, त्याही हसतायत! त्या दिवसापासून माझ्या तोंडाचा पट्टा जो सुरू झालाय, तो आई म्हणते बंद करायची कळच सापडत नाही. आणि यंदा तर काय, यंदा मी माग्दा झाले होते.

आमच्या भागातली चित्रं काचेवर काढतात. समोरून नाही, काचेच्या मागच्या बाजूनं, आणि तीसुद्धा उलट्या क्रमानं. आधी पापण्या, मग डोळे, मग चेहरा. आधी कोटाचं बटण, मग कोट. आकाश अगदी शेवटी. एकदा लावलेल्या रंगावर पुन्हा रंग लावून चूक झाकता येत नाही, कारण नवा रंग जुन्याच्या मागं जातो, पुढं येत नाही. शाळेत आम्ही सगळ्यांनी एकेक कोंबडा असा काढलाय. माझ्या कोंबड्याला डोळाच नाही, कारण मी डोक्याचा लाल रंग आधी फासला आणि मग डोळा काढला. तो डोळा आहे, पण लालच्या पलीकडे. कुणाला दिसायचा नाही.

तर आमच्या गावातलं सगळ्यांत गाजलेलं चित्र म्हणजे इंब्रा साबोलेक यांचं, म्हणजे सगळ्या पोरांच्या इंब्राआजोबांचं, 'द्रावेवरचा हिवाळा'. द्रावा नदीनं प्रवाह बदलला तेव्हा गावामागं तिचं जुनं पात्र तसंच राहिलं. पूर्वी ते हिवाळ्यात कडक गोठायचं, आता नुसता चिखल होतो. चित्रात ते गोठलेलं आहे आणि सगळा गाव त्यावर मजा करतोय. एक जाडा माणूस घसरून बुडावर बसलाय, त्याची टोपी लांब उडालीय. एक जण खांद्यावर शिडी घेऊन पळतोय. आम्ही म्हणतो, तो प्रेयसीच्या खिडकीला शिडी लावायला चाललाय. बायका हात वर करून नाचतायत. अकॉर्डियनवाला तोंडाचा आ करून गातोय. काठावर शेकोटी पेटलीय आणि तिच्याभोवती माणसं हात शेकतायत. आणि मधोमध, लाल रुमाल बांधलेली एक बाई बर्फावर पालथी पडलीय, कान बर्फाला लावून, मूठ डोक्याशी. तीच माग्दा. पिदाडी माग्दा. तिच्याजवळ एक कुत्रं उभं आहे, मान खाली घालून. कुत्र्यालासुद्धा तिची लाज वाटतेय, असं बाबा दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी सगळे हसतात.

ही माग्दा कॅलेंडरवर आहे, मधाच्या बरण्यांवर आहे, शाळेच्या जिन्यात आहे. आणि फाश्निकच्या रविवारी, म्हणजे उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी गावातून सोंगं निघतात त्या दिवशी, मिरवणुकीच्या सगळ्यांत पुढं एक जिवंत माग्दा असते. लाल रुमाल, हातात बाटली. झोकांड्या खात जायचं, दर फाटकापुढं धाडकन पडायचं, जमिनीला कान लावून घोरायचं. आणि इंब्राआजोबांच्या फाटकापुढं तर सगळ्यांत झकास पडायचं, कारण चित्र त्यांचं. तिथं मिरवणुकीची गाडी थांबते, बँड थांबतो. आजोबा खिडकीत बसलेले असतात, हसतात, हात हलवतात. हा त्यांचा मान असतो. बाबा आमच्या गावच्या अग्निशमन दलाचे प्रमुख, मिरवणूक दलच काढतं, पण बाबांचा वशिला मी लावला नाही हं! दलाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर पडून दाखवावं लागतं. मी टेबलावरून पडले. दुसरी कोण निवडून येणार!

म्हणून तो प्रश्न. माग्दा व्हायचं तर माग्दानं किती घेतली होती हे माहीत नको का?

आजोबा स्वयंपाकघरात चुलीशी बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. त्यांचे हात आता थरथरतात, काही वर्षं झाली त्यांनी ब्रश धरलेला नाही. कपाटावर पिवळीधमक बिहीची फळं मांडली होती, त्यांचा वास खोलीभर. मी अंड्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि एका दमात विचारलं. ढोसली म्हटलं. कान थोडे लाल झाले, पण म्हटलं.

आजोबा हसले. "दरवर्षी कुणीतरी विचारतंच."

"मग? किती?"

"बरीच."

"बरीच म्हणजे? एक बाटली? दोन? वाइन की कडक रकिया? पडण्यात फरक पडतो ना आजोबा! वाइनवाली हळूहळू पडते, रकियावाली एकदम."

"तुला बरंच ठाऊक दिसतंय गं. यंदा तू आहेस का?"

"मीच! दाखवू?"

त्यांनी हो म्हणायच्या आत मी सुरू झाले होते. दारापासून टेबलापर्यंत झोकांड्या, टेबलाला नमस्कार, "माफ करा हं साहेब", मग गिरकी, मग धाडकन. फळ्यांच्या जमिनीवर पालथी पडले, कान टेकवला. आणि इथं माझी स्वतःची करामत होती, कुणालाच सांगितलेली नव्हती, रविवारी त्यांच्याच फाटकापुढं करणार होते. मी मुठीनं जमिनीवर ठोठावलं. ठक, ठक, ठक. आणि ओरडले, "अहो, खाली कुणी आहे का? एक पेला वर पाठवा की!"

मग मान वळवून आजोबांकडे बघितलं, हसतायत का ते.

ते हसत नव्हते. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, यांना काहीतरी होतंय.

"आजोबा? पाणी देऊ?"

"पुन्हा ठोठाव," ते म्हणाले.

मी ठोठावलं.

"असं नाही. मूठ आडवी धर, करंगळीच्या बाजूनं. आणि इतक्या जोरात नाही. जोरात मारलं की आपलाच आवाज कानात बसतो, दुसरा ऐकू येत नाही."

मी मूठ आडवी केली. हळू मारली.

"हां. आता थांब. ऐक. मग थोडं पुढं सरकायचं आणि परत."

मला कळेना काय चाललंय. पण मी सरकले. ठोठावलं, थांबले, कान लावला. फळ्या थंड होत्या. कानात माझंच रक्त धडधडत होतं, बाकी काही नाही.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"हं," आजोबा म्हणाले. "तिलाही नाही आलं."

मी उठून बसले. उभी राहिले नाही, तिथंच जमिनीवर बसले. तोंडाचा पट्टा बंद करायची कळ आईला सापडत नव्हती ना, ती आजोबांना सापडली.

ते चुलीकडे बघून बोलायला लागले. फार मोठं काही सांगितलं नाही.

"ती माझी आई. माग्दा नाही, तेरेझा. मला एक धाकटी बहीण होती, रोझिका. तेव्हा खानावळवाले जुन्या पात्रातून बर्फाच्या लाद्या कापून न्यायचे, खड्ड्यात पेंढ्याखाली ठेवायचे, उन्हाळ्यात लागायचा. लादी काढली की भोक उरायचं. ते रात्रीत पापुद्र्यासारखं गोठायचं, वर बर्फ पडला की दिसायचंच नाही. म्हणून कापणारे भोकाभोवती वाळुंजीच्या फांद्या रोवून ठेवायचे. आम्हा पोरांना चालायला लागल्यापासून शिकवलेलं असायचं, फांद्या दिसल्या की तिकडं जायचं नाही."

"मग?"

"त्या दिवशी शेजाऱ्यांकडे डुक्कर कापलं होतं. सगळा गाव जमला, जेवणं झाली, अकॉर्डियन आलं, सगळे बर्फावर. थंडी मरणाची. कुणीतरी शेकोटी पेटवली. ओली लाकडं पेटेनात. तर हाताशी वाळक्या फांद्या होत्या, कुणीतरी त्या उपटून आणल्या."

मला एकदम चित्रातली शेकोटी आठवली. तिच्यातल्या बारीक बारीक फांद्या. इंब्राआजोबांच्या फांद्या बघाव्यात, एकेक डहाळी मोजून घ्यावी, असं चित्रकलेचे सर म्हणतात.

"कुणी आणल्या?"

"कुणी कधी सांगितलं नाही. आणि विचारायला तरी तोंड कुणाला होतं? अर्ध्या गावानं त्यावर हात शेकले होते. मीसुद्धा."

त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाले, "रोझिका आईकडे यायला निघाली होती. पलीकडून. आईनं तिला बघून हात केला. आणि मग ती नव्हतीच. एवढंच. आवाजसुद्धा नाही झाला, अकॉर्डियन वाजत होतं ना."

मग सगळे धावले. कुणी शिडी आणली, बर्फावर आडवी टाकून तिच्यावरून सरपटत जायला. भोकात बघितलं तर पाणी नुसतं काळं. पात्र जुनं असलं तरी आत पाण्याला ओढ होती, ती तिला बाजूला घेऊन गेली होती, बर्फाच्या खाली. मग त्यांची आई पालथी झाली आणि कान लावून बर्फावर ठोठावत सरकत राहिली. पोरीनं खालून ठोठावलं तर ऐकू येईल म्हणून. मध्येच तिचं नाव घ्यायची.

"ओरडायची?" मी विचारलं.

"नाही. सकाळी शाळेला उठवतात ना, तशी. रोझिके, ए रोझिके. एवढंच. लोक ओरडत होते, त्यांना ती म्हणत होती, गप्प बसा, मला ऐकू द्या."

रोझिका बर्फ वितळल्यावर सापडली.

"आणि पिण्याचं?" मी विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक, पण मला कळायला हवं होतं. "पिण्याचं कुठून आलं?"

"त्यानंतर दर हिवाळ्याला पात्र गोठलं की आई जायची. जाऊन कान लावायची. मी ओढून घरी आणायचो. गावातली लहान मुलं विचारायची, ही बाई बर्फावर का झोपलीय? आता मुलांना काय सांगणार? खरं सांगायचं तर फांद्यांपर्यंत यावं लागतं. मग मोठे म्हणायचे, प्यायलीय ती, चला. ती मुलं मोठी झाली, त्यांनी त्यांच्या मुलांना सांगितलं. माझ्या आईनं जन्मात ओठाला थेंब लावला नाही, पोरी."

मग त्यांनी ते चित्र काढलं. मोठे झाल्यावर, जेव्हा त्यांचं नाव व्हायला लागलं होतं तेव्हा. अग्निशमन दलाच्याच हॉलमध्ये ते पहिल्यांदा सगळ्यांना दाखवलं. "मला वाटलं होतं," आजोबा म्हणाले, "कुणीतरी विचारेल, ही बाई ऐकतेय काय? बस. एवढा एक प्रश्न. मग मी सांगणार होतो. पण मागून कुणीतरी ओरडलं, अरे, ही तर तेरेझा, पिऊन पडलीय! आणि हॉल हसायला लागला. शेकोटीपाशी जे होते त्यातले काही तिथं बसले होते. ते नाही हसले. पण बोललेही नाहीत."

"आणि तुमची आई?"

"दुसऱ्या रांगेत होती. मी उठायला लागलो तर तिनं माझी बाही धरली. म्हणाली, हसू दे. रोझिका गेल्यापासून कुणी माझ्याकडे सरळ बघितलेलं नाही. हसताना तरी बघतायत." त्यांनी घोंगडी नीट केली. "पुढं ती वारली. मग लोकांना वाटलं, मेलेल्या बाईचं नाव घेऊन हसणं बरं नाही, त्यातून चित्रकाराची आई. म्हणून माग्दा म्हणायला लागले. भली माणसं आहेत."

हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. खरंच बोलले. त्यानंच मला रडू आलं.

आणि मग माझ्या डोक्यात ते एकेक करून यायला लागलं. दरवर्षी त्यांच्या फाटकापुढं गाडी थांबते. बँड थांबतो. एक मुलगी त्यांच्या आईचं सोंग घेऊन पडते, घोरते, ढेकर देते, सगळा गाव टाळ्या वाजवतो. आणि हे खिडकीत बसून हसतात आणि हात हलवतात. मागच्या वर्षी पेट्रा पडली होती, तिनं उलटी केल्याचं सोंग केलं होतं. मी सगळ्यांत जोरात शिट्टी वाजवली होती.

"चल," आजोबा म्हणाले, "बाहेरच्या खोलीत. मला एकट्याला चित्र उतरवता येत नाही."

चित्र तिथं भिंतीवर होतं. खरं चित्र, काचेवरचं. लहानपणापासून शंभरदा बघितलेलं. मी त्याच्यापुढं उभी राहिले आणि शप्पथ सांगते, ते दुसरंच चित्र होतं. एक रेघ इकडची तिकडं झालेली नव्हती. पण त्या बायका नाचत नव्हत्या. नाचताना हात असे वर जात नाहीत, बोटं अशी ताठ होत नाहीत. अकॉर्डियनवाल्याचं अकॉर्डियन त्याच्या पायाशी बर्फात पडलेलं होतं. कायम तिथंच पडलेलं होतं, आणि तो गातोय असं आम्ही म्हणत होतो! शिडीवाल्याच्या चेहऱ्यावर प्रेयसीबियसी काही नव्हती. तो जाडा माणूस घसरला नव्हता, त्याच्या पायातलं बळ गेलं होतं. कुत्रं लाजत नव्हतं, ते बर्फाकडे बघत होतं, नाक टेकवून. आणि बाटली? मी सगळीकडे शोधली. बाटली नाहीच. चित्रात बाटली कुठंच नाही, कधीच नव्हती. मी गेला आठवडाभर आरशासमोर बाटली कशी धरायची याचा सराव करत होते.

"उतरव. जपून."

चौकट भलतीच जड होती. मी ते टेबलावर पालथं ठेवलं, खाली घोंगडी घालून. मागं पातळ लाकडी फळी होती, बारीक खिळ्यांनी बसवलेली. आजोबांनी स्वयंपाकघरातली सुरी मागवली. त्यांच्या हातानं ते होईना, म्हणून मी एकेक खिळा उचकटला. फळी सुटली.

काचचित्राची मागची बाजू म्हणजे काही बघायची गोष्ट नसते. शेवटी फासलेले रंग, डाग, ब्रशचे फराटे. इथंही तसंच होतं, आकाशाचा करडा, झाडांमागचा निळसर. पण मधोमध, जिथं पुढून पांढरा बर्फ होता, तिथं गडद हिरवं पाणी रंगवलेलं होतं. आणि पाण्यात एक लहान मुलगी.

ती पाठमोरी होती. एक वेणी पाण्यात वर उचललेली, तिला निळी फीत. तपकिरी कोट फुगलेला. एका पायात बूट, एक पाय नुसत्या मोज्यावर. तिचा एक हात वर होता, तळवा पलीकडे टेकलेला, बर्फाला. मी चौकट एका बाजूनं जरा उचलली आणि वाकून पुढची बाजू बघितली. जिथं पुढून आईची मूठ होती, बरोब्बर तिथं मागून हा हात होता. मध्ये पांढऱ्या रंगाचा एक थर. कागदाइतकासुद्धा जाड नाही.

माझा बिनडोळ्यांचा कोंबडा मला आठवला.

"बर्फ आधी रंगवला," आजोबा म्हणाले. "मग ती. म्हणजे ती बर्फाखाली गेली."

"तिचा चेहरा का नाही काढलात?"

"आपण पाण्यात आहोत ना आत्ता. खालून बघतोय. ती वर बघतेय, आईकडे." त्यांनी चौकटीवरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाले, "आणि मला चेहरा आठवत नव्हता तिचा. तेव्हाच आठवत नव्हता."

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत उभे होतो. बाहेरून गल्लीतला बँडचा सराव ऐकू येत होता, तेच रविवारचं गाणं, ट्रॉम्बोनवाला नेहमीच्या जागी चुकला.

"ईस्टरनंतर हे शहराच्या चित्रसंग्रहालयात जाईल," आजोबा म्हणाले. "मी दिलंय. माझ्यामागं इथं कोण बघणार. त्यांची माणसं येऊन गेली, चांगली आहेत. भिंतीला घट्ट स्क्रूनं बसवणार म्हणाले, कुणी चोरू नये म्हणून. मग ते परत कुणी उलटं करायचं नाही."

"त्यांना सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"म्हणजे हे कुणालाच माहीत नाही? गावात? कुणालाच?"

"जे होते ते गेले. मी आहे. आता तू."

मी फळी परत बसवली. प्रत्येक खिळा त्याच्या जुन्या भोकात. रोझिका झाकली गेली तेव्हा मला वाटलं, मीच तिच्यावर काहीतरी ठेवतेय. चित्र भिंतीला लावलं, सरळ केलं. जाता जाता दारात उभी राहून मी विचारलं, "आजोबा, इतक्या जणी माग्दा होऊन गेल्या. मलाच का दाखवलंत?"

"बाकीच्या नुसत्या लोळायच्या," ते म्हणाले. "तू ठोठावलंस."

"मी कुणाला सांगू का?"

"मी आईनं बाही धरली म्हणून गप्प बसलो, आणि मग तशी सवयच झाली. तुझी बाही कुणी धरलेली नाही." मग जरा हसले. "अंड्यांबद्दल आईला आभार सांग."

कोपऱ्यावर दुन्या आणि रेबेका थंडीत पाय आपटत उभ्याच होत्या.

"आली, आली! विचारलंस?"

"विचारलं."

"ढोसली म्हटलंस?"

"म्हटलं."

"मग? किती ढोसली होती?"

"एक थेंबसुद्धा नाही," मी म्हटलं.

आणि दोघी खो खो हसायला लागल्या. रेबेका तर कुंपणाला धरून हसली. "शुद्धीत असून अशी पडलीय! अगं, हे तर त्याहून भारी!" त्यांच्या मागं दुकानाच्या काचेत मधाच्या बरण्यांची रांग होती. प्रत्येक बरणीवर लाल रुमाल, प्रत्येक बरणीवर ती ऐकतेय. मला त्या दोघींचा राग आला नाही. दुपारी मी त्यांच्यात होते. पण ते तिथं रस्त्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "रविवारी कळेल," आणि घरी आले.

स्वयंपाकघरात आई शिवणयंत्रावर बसली होती. टेबलावर माझा घागरा, लाल रुमाल, आणि घागऱ्याला पट्टीनं शिवून टाकलेली रिकामी बाटली, पडताना हातातून सुटू नये म्हणून. बाबा दलाची टोपी घालूनच सूप पीत होते.

"ये, ये, आमच्या माग्दाबाई आल्या! ऐक, मी ठरवलंय. इंब्राच्या फाटकापुढं यंदा जरा जास्त वेळ थांबायचं. म्हातारा चित्र देऊन टाकतोय, त्याला वाटलं पाहिजे गावाला त्याची कदर आहे. बँड एकदम बंद करायचा, शांतता, आणि मग तू अशी पड, अशी पड की खिडकीची काच हादरली पाहिजे!"

"दुपारभर त्यांच्याकडे होतीस का गं?" आईनं विचारलं. मग तिनं यंत्र थांबवलं. "टेना, रडलीस तू?"

"आई, कात्री दे."

"कशाला?"

मी कात्री घेतली आणि बाटलीची पट्टी कापली. बाटली टेबलावर उभी ठेवली.

"अगं अगं! तासभर शिवत होते मी ते!"

"बाटली नाहीच आहे, आई. चित्रात. जाऊन बघ. कुठंच नाहीये."

"बाटलीशिवाय माग्दा?" बाबा हसले. "लोकांना कळणार कसं की ती प्यायलीय?"

"नाही प्यायलीय ती."

बाबांनी चमचा खाली ठेवला. माझे कान लाल झाले होते, घशात तो जुना बोळा आला होता, ऑक्टोबराच्या आधीचा. मला वाटलं, आता आवाज फुटणारच नाही. मग मी मूठ आडवी धरली, करंगळीच्या बाजूनं, आणि टेबलावर हळू ठोठावलं. आई आणि बाबा दोघंही गप्प झाले.

"बाबा, मी रविवारी माग्दा होणार नाहीये. माग्दा नावाची कुणी बाई नव्हतीच. मी इंब्राआजोबांची आई होणार, तेरेझा. ती कोण ते आत्ता बसून तुम्हाला सगळं सांगते. पण काय करणार ते आधी ऐका. झोकांड्या खाणार नाही, सरळ चालत जाणार. त्यांच्या फाटकापुढं बँड बंद करा, तुम्ही म्हणालात तसाच, पूर्ण बंद. मी रस्त्यावर पालथी होणार, कान लावणार आणि ठोठावणार. आणि रोझिकाला हाक मारणार, हळू, सकाळी शाळेला उठवतात ना तशी. लोक हसतील, हसू देत. हसून झालं की कुणीतरी विचारेलच, ही ऐकतेय काय? कुणी विचारेपर्यंत मी तिथून उठणार नाही."